इब्राहिम रोजा
विजापूरच्या पश्चिम तटाबाहेरील इब्राहिम रोजा हे दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८०-१६२७) याचे दफनस्थान. मुळात ही वास्तू त्याची राणी ताज सुलताना हिच्यासाठी योजली होती. बांधकाम मलिक संदल याच्या देखरेखीखाली झाले. एकाच उंच चौथऱ्यावर मकबरा आणि मशीद समोरासमोर असून मधोमध कारंज्याचा हौद आहे. मकबऱ्याभोवती कमानींच्या ओवऱ्या आहेत. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर अरबी-फारसी लेख व वेलबुट्टी कोरलेली असून जाळीदार खिडक्यांत अक्षरांमधूनच उजेड आत झिरपतो. वर कमळपाकळ्यांतून उमललेला कळीसारखा घुमट आणि कोपऱ्यांवर सडपातळ मिनार. आत राजा, राणी व कुटुंबीयांच्या कबरी आहेत. दख्खनी पाथरवटांच्या हातची ही नजाकत आदिलशाही वास्तुकलेचा परमोत्कर्ष ठरते.