एसी चालवूनही वीजबिल आटोक्यात कसं ठेवायचं? समजून घ्या ३०० युनिटचं गणित

मे महिन्याचं वीजबिल हातात आलं की अनेक घरांत पहिला प्रश्न येतो, "एसी किती तास चालवला?" पण बिल फक्त तासांवर ठरत नाही. एसी किती अंशांवर होता, खोलीत बाहेरची उष्णता किती शिरत होती आणि महिन्याची एकूण युनिट कोणत्या टप्प्यात पोहोचली, यावरही ते ठरतं.

बिल एकदम का वाढतं?

महावितरणच्या घरगुती दरांत महिन्याच्या वापराचे चार टप्पे आहेत: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. प्रत्येक पुढच्या टप्प्यात युनिटचा दर वाढतो. "३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो" असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वाढीव दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटना लागतो.

याचा फायदाही आहे. तुम्ही जे युनिट वाचवता, ते तुमच्या बिलातल्या सर्वात महाग टप्प्यातून कमी होतं. वीज शुल्क टक्केवारीने लागत असल्याने तेही त्या प्रमाणात घटतं.

१८ अंशांवर खोली लवकर थंड होते का?

नाही. तुम्ही १८ लावा किंवा २५, सुरुवातीला कॉम्प्रेसर जोरातच चालतो. फरक पडतो तो नंतर. २५ गाठल्यावर त्याचं काम हलकं होतं, पण १८ गाठण्यासाठी तो बराच वेळ जोरात चालत राहतो. भर उन्हाळ्यात तर काही खोल्या १८ पर्यंत उतरतच नाहीत.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार, एसीचं तापमान १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींसाठी २४ अंश हे सुरुवातीचं तापमान बंधनकारक आहे, ते याच कारणाने.

पंखा लावला तर किती वाचतं?

एक उदाहरण पाहू. समजा, २२ अंशांवर तुमचा एसी तासाला सरासरी १ युनिट घेतो आणि रोज रात्री ८ तास चालतो. महिन्याला २४० युनिट झाली. घरातला बाकी वापर १५० युनिट धरला, तर एकूण ३९०.

आता एसी २६ वर ठेवून सोबत छताचा पंखा लावला. ४ अंशांमुळे साधारण २४ टक्के, म्हणजे जवळपास ५८ युनिट वाचली. ७५ वॉटच्या साध्या पंख्याने महिन्यात १८ युनिट घेतली. निव्वळ बचत सुमारे ४० युनिट, आणि ती सगळी ३०१ ते ५०० या महाग टप्प्यातली. पंखा ३० वॉटचा बीएलडीसी असेल, तर त्याचा खर्च ७ युनिटच्या आसपास येतो.

पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. म्हणून खोलीत कोणी नसताना तो बंद करा.

उष्णता आत येऊ देऊ नका

• पश्चिमेच्या खिडकीवर दुपारपासून जाड पडदा किंवा बाहेरून चटई सोडा.
• दाराखालची फट बंद करा.
• वरच्या मजल्यावर राहत असाल, तर सोसायटीशी बोलून गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावून घ्या.
• एसीची जाळी दर १५ दिवसांनी धुवा. धूळ बसली की हवा अडते आणि खोली थंड व्हायला जास्त वेळ लागतो.
• बाहेरच्या युनिटसमोर कपडे वाळत घालू नका, अडगळ ठेवू नका. गरम हवा मोकळी बाहेर पडली पाहिजे.
• पहाटेचा टायमर लावा. दार बंद असेल, तर खोली बराच वेळ गार राहते.

कूलर चालेल का?

हे गावावर अवलंबून आहे. नागपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम काम करतो आणि एसीपेक्षा कितीतरी कमी वीज घेतो. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत पाणी नीट सुकत नाही, त्यामुळे कूलरने चिकचिक वाढते. एकाच खोलीत दोन्ही एकदम लावू नका. कूलरने सोडलेला ओलावा काढण्यात एसीची वीज वाया जाते.

काटकसर कुठे करू नये?

घरात तान्हं बाळ, वयस्कर व्यक्ती किंवा आजारी माणूस असेल, तर उष्णतेच्या लाटेत बिलासाठी एसी बंद ठेवू नका. घरातल्या सगळ्यांनी एकाच थंड खोलीत झोपा. दोन एसींऐवजी एक चालेल आणि कोणाला त्रासही होणार नाही.

आज रात्रीच एसी २६ वर ठेवून पंखा लावून पाहा. मीटरवरचा आकडा झोपताना आणि सकाळी टिपून ठेवा. आठवडाभरात तुमच्या घरचा फरक तुम्हालाच कळेल.