हरितगृहातील कोंबड्या

युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घरामागील बागेत चार-सहा कोंबड्या पाळण्याची प्रथा जुनी आहे. हिवाळ्यात तेथील जमीन गोठते आणि हरितगृहातील भाजीचा हंगामही संपलेला असतो. या रिकाम्या जागेत कोंबड्यांना आसरा देण्याची पद्धत म्हणूनच सोयीची ठरते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ज्योएल सॅलाटिन यांच्या 'पॉलीफेस फार्म'वर कुरणात चरणाऱ्या कोंबड्या हिवाळ्यात कमानीच्या प्लॅस्टिक-घरांत आणल्या जातात. वसंत ऋतूत त्या बाहेर गेल्यावर त्याच घरांत भाजीपाला घेतला जातो.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पिसांच्या आवरणामुळे कोरडी थंडी ती सहज सोसते. तिला खरा धोका असतो तो ओलाव्याचा. श्वास आणि विष्ठा यांतील बाष्प बंद हरितगृहात कोंडते, छताला थेंब जमतात आणि दमट गारठ्यात तुऱ्याला हिमदंश होतो. त्यामुळे वारा थेट अंगावर न येता वरच्या बाजूने हवा खेळती राहील, अशी झडप रात्रीही उघडी ठेवावी लागते.

काच किंवा प्लॅस्टिक रात्री फारशी ऊब धरून ठेवत नाही. म्हणून आतच लाकडी खुराडे ठेवणे श्रेयस्कर. दिवसा मात्र हिवाळ्यातील स्वच्छ उन्हानेही आतील हवा झपाट्याने तापते. तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागतात. अशा वेळी दारे उघडणे व सावलीची सोय करणे अगत्याचे ठरते.

जमिनीवर भुसा किंवा पेंढा यांचा जाड थर पसरतात. ही 'गादी' कोंबड्या उकरत राहतात, तीत विष्ठा मिसळून हळूहळू कुजते आणि थोडी ऊबही मिळते. अमोनियाचा उग्र दर्प आला, तर गादी ओली झाली असे समजून कोरडा भुसा घालावा व हवा वाढवावी. टोमॅटो-बटाट्याची पाने, रासायनिक खते आणि काचेचे तुकडे आधीच काढून टाकणे आवश्यक आहे.

अंड्यांसाठी कोंबडीला रोज साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस आठ तासांहूनही लहान असतो. हरितगृह उजेड आत घेते, पण दिवस लांबवत नाही. त्यासाठी पहाटे साधा दिवा लावता येतो. उष्णता देणाऱ्या दिव्यांमुळे मात्र कोरड्या पेंढ्याला आग लागण्याचा धोका असतो.

बर्ड फ्लूमुळे या निवाऱ्याला नवे महत्त्व आले. भारतात हा रोग २००६ साली प्रथम नवापूर परिसरात आढळला होता. इंग्लंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ या काळात परसातील कोंबड्याही बंदिस्त ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. वन्य पक्ष्यांची विष्ठा आत पडू न देणारे अभंग छत आणि बाजूंना बारीक जाळी असलेले हरितगृह तेव्हा अनेकांच्या उपयोगी पडण्याजोगे होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एकच कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची आहे.

वसंतात कोंबड्या बाहेर गेल्या तरी तेथील भाजी लगेच खाण्यायोग्य होत नाही. ताज्या विष्ठेतील रोगजंतूंमुळे अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चे खत घातल्यापासून काढणीपर्यंत अंतर ठरवून दिले आहे. मातीला टेकणाऱ्या पिकांसाठी ते १२०, तर इतर खाद्यपिकांसाठी ९० दिवस असते. हे अंतर पाळले, तर हिवाळाभर कोंबड्यांनी उकरलेली तीच माती पुढच्या पिकाला सकस खत पुरवते.