शिकारी बंदुकीचा गंज

बाभुळगावच्या परिसरात आषाढ लागला की हवाच ओली होते. तेव्हा शिकारी रायफलीला गंज चढला, तर दोष पावसाला दिला जाई. परंतु नळीच्या आतील गंजाचे मूळ निराळे होते. जुन्या काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेई. १८८४ साली फ्रान्समध्ये धूरहीन दारू निघाली, राख गेली; गंज मात्र राहिला. काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळताच मिठासारखा क्षार नळीत बसे. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून नुसते तेल चोपडून निश्चिंत झालेल्या शिकाऱ्याची नळी तेलाखालीच झिजे.

उपाय साधा होता. नळीतून उकळते पाणी ओतावे. क्षार वाहून जाई, तापलेली नळी लवकर सुके, मग तेलाचा पातळ हात द्यावा. वरवरचा गंज तेलात भिजवून घासल्यास निघे. पोलादात पडलेले खड्डे मात्र कायमचे. त्यांनी नळीतील वळणदार खाचा बिघडत, नेम चुके आणि घायाळ जनावर रानात तळमळत राही.

पुढे क्लोरेटविरहित टोप्या आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाही आळा बसला. ज्या पाण्याला लोखंडाचा वैरी म्हणतात, तेच येथे त्याचे रक्षक ठरले. कारण न शोधता केलेला उपाय व्यर्थ, हेच खरे.