गुन्हा रक्तात असतो? मग पुरावा दाखवा!

तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो? याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले म्हणते, ते त्याच्या रक्तातच आहे. दुसरे म्हणते, त्याची परिस्थिती तपासा, ती बदला आणि फरक पडतो का ते मोजा. पहिले उत्तर मनूचे आहे, दुसरे विज्ञानाचे. आपल्या देशात पहिल्या उत्तराचा कायदा झाला आणि तो जवळपास ८१ वर्षे चालला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा युक्तिवाद काय होता? सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसाच गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार! म्हणजे जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र इंग्रजांनी जसेच्या तसे उचलले आणि त्यावर सरकारी शिक्का मारला. १९११ मध्ये हा कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती त्याखाली आल्या. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गावाबाहेर जायला बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातले सेटलमेंट.

याने गुन्हे कमी झाले का? नीट विचार करा. रोज हजेरी द्यावी लागणाऱ्याला काम कोण देणार? काम नाही म्हणून उपासमार. गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर. संशयावरून अटक, अटकेची नोंद आणि तीच नोंद पुन्हा ‘पुरावा’! पोलिसांचे दप्तर गुन्हे मोजत नव्हते, अटका मोजत होते.

बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सुमारे दोन कोटी ‘गुन्हेगार जमातीं’चा उल्लेख केला. पण दोष त्या माणसांच्या माथी मारला नाही. अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. पाटी बदलली, नजर तीच राहिली.

जगात दुसऱ्या उत्तराची कसोटीही झाली. १९७४ मध्ये अमेरिकेत मार्टिन्सन यांच्या लेखावरून ‘काहीच उपयोगी पडत नाही’ अशी हाकाटी झाली आणि कठोर शिक्षेच्या समर्थकांना बळ मिळाले. पुढे कॅनडातील अँड्र्यूज, बोंटा आदी संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की नुसत्या कडक शिक्षेने माणूस सुधारत नाही. व्यसन, बेकारी, विचार करण्याची पद्धत, संगत यांवर नेमके काम केले की पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटते. रँड संस्थेच्या २०१३ च्या अहवालानुसार तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण दर शंभरामागे सुमारे १३ ने कमी आढळले. ‘शिका’ हा मंत्र तुरुंगाच्या भिंतीआडही खरा ठरतो.

आणि आपल्याकडे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की तुरुंगात जातीवरून झाडू आणि जातीवरून स्वयंपाक वाटणे घटनाबाह्य आहे. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आणि तीन महिन्यांत नियमावली दुरुस्त करण्याचा आदेश झाला. दलित कैद्याला झाडूच हातात देणारा तुरुंग सुधारणा कसली करतो? तो मनुस्मृतीच शिकवतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘पुराव्यावर आधारित’ म्हणून उद्या कैद्याचा धोका गुणांनी मोजला जाईल. त्यात जुन्या अटकांना गुण दिले, तर पारधी वस्तीवर पडलेल्या प्रत्येक छाप्याचे गुण पारध्याच्याच नावावर चढतील. १८७१ चा कायदा संगणकात शिरेल. म्हणून पुरावा कोणी आणि कसा गोळा केला, हे आधी विचारा.

कार्यकर्त्यांनो, आपल्या जिल्ह्यातील कारागृहाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. जातीचा रकाना निघाला का? कामाची वाटणी कशी होते? शिक्षणाचे वर्ग किती चालतात? सुटल्यानंतर रोजगारासाठी काय केले जाते? आजवर पुरावा आपल्याकडे मागितला गेला. आता आपण व्यवस्थेकडे मागू.

जय भीम!