टोपीवरील चार अक्षरें

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठीं घरोघरचीं जुनीं छायाचित्रें जमवीत असतां आमच्याच घरांतील पत्र्याच्या पेटींत आम्हांस एक छायाचित्र सांपडलें. तें आमच्या चुलत आजोबांचें आहे. अंगांत खलाशाचा पांढरा पोषाख, डोक्यावर गोल टोपी. टोपीच्या फितीवर एच्. एम्. आय्. एस्. हीं चारच अक्षरें. जहाजाचें नांव नाहीं.

ही कोणाची चूक नव्हे. कोणतें जहाज कोणत्या बंदरांत आहे हें शत्रूस कळूं नये, म्हणून महायुद्धाच्या काळांत खलाशांच्या फितीवर जहाजाचें नांव घालीत नसत. हिंदी आरमारास ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हें नांव १९३४ सालीं मिळालें. १९३९ सालीं त्यांत जेमतेम २,००० माणसें होतीं. युद्ध संपेतों ती संख्या २५,००० च्या वर गेली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हिंदी महासागरांत ‘बेंगाल’ ही आपली लहानशी युद्धनौका व ‘ओंदिना’ हें डच तेलवाहू जहाज यांची गांठ दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशीं पडली. त्यांपैकीं एक जपानी जहाज बुडालें. ‘बेंगाल’ व ‘ओंदिना’ दोन्हीं बचावलीं. पुढच्याच वर्षीं आमचे चुलत आजोबा भरती झाले.

निकृष्ट अन्न व वरिष्ठांचे अपशब्द यांना विटून १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक केंद्रांतील खलाशांनीं संप पुकारला. तो कराचीपर्यंत पसरला व २३ फेब्रुवारीस मिटला. शेंकडों खलाशी बडतर्फ झाले. स्वतंत्र भारताच्या आरमारानेंही त्यांस परत घेतलें नाहीं. आमचे चुलत आजोबा त्यांपैकींच एक. पोलीस घरीं येतील या भीतीनें पणजीनें छायाचित्र भिंतीवरून काढून पेटींत ठेविलें, तें तेथेंच राहिलें. त्या दिवसांविषयीं ते कधीं बोलले नाहींत, आणि कोणीं विचारलेंही नाहीं. जहाजाचें नांव विचारावेंसें आम्हांस वाटलें, तेव्हां सांगणारें कोणी उरलें नव्हतें.

धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत त्यांचा स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदी आहेत. समुद्रावरील वर्षांची साक्ष मात्र आमच्याजवळ या एका चित्राखेरीज दुसरी नाहीं. तें आतां पुन्हां भिंतीवर लाविलें असून त्याच्या पाठीमागें आम्हीं त्यांचें नांव, गांव व भरतीचें साल लिहिलें आहे. वाचकांस विनंती इतकीच, कीं आपापल्या घरचीं चित्रें एकदां उलटून पाहावीं. मागची बाजू कोरी असल्यास, सांगणारें माणूस हयात आहे तोंवरच ती लिहून घ्यावी.