मोगली आला जपानच्या वाटेनें

मेळघाटच्या रानाशेजारीं राहणाऱ्या वऱ्हाडांतील मुलांस मोगली भेटला तो जपानच्या वाटेनें, हा इतिहासांतील मौजेचा योग होय. सिवनीच्या डोंगरांतील या बालकाची कथा किपलिंगनें १८९४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. सिवनी आपल्या सातपुड्यांतच. परंतु त्या कथेवरून १९८९ मध्यें चित्रमालिका काढली ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन संस्थेनें. १९९३ च्या सुमारास दूरदर्शननें ती हिंदींत दाखविली. गुलजारांचें गीत, विशाल भारद्वाजांचें संगीत आणि शेरखानास नाना पाटेकरांचा आवाज, असा तिला एतद्देशीय साज चढला. आणि रविवारीं अमरावती-अकोल्याचीं मुलें दूरदर्शनसमोर जमूं लागलीं.

जपानांत अशा चित्रांना वाहिलेलें 'ॲनिमेज' मासिक १९७८ पासून निघत होतें. त्यांतील जाहिरातीहि लेखांइतक्याच बोलक्या. मुलांपुढें काय विकावयास मांडलें जात होतें, हें त्यांत महिन्यावार सांपडतें. वऱ्हाडच्या मुलाच्या हातीं मद्रासचा 'चांदोबा' असे. जपानी चित्रकारांचीं नांवें त्याला कोठून कळणार? दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती होत्या खऱ्या, परंतु त्या क्षणभर दिसून विरत.

छापील पान मागें उरतें. पडद्यावरचें चित्र सरून जातें. म्हणून त्या पिढीनें आपल्या आठवणी आतांच लिहून ठेवाव्या. नाहींतर सातपुड्याच्या मोगलीचा वऱ्हाडांतील वृत्तांत उद्यांच्या इतिहासकारास जपानांतहि सांपडावयाचा नाहीं.