उसनवारीची चकाकी

छोट्या प्रतिकृती करणाऱ्या माणसाने रंग पुरा झाल्यावर शेवटचा पारदर्शक हात मारायचा, तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यातून. सुतार, विमानाचे कारागीर, फरशी चमकवणारे अशा सगळ्यांकडून या छंदाने लेप उसने आणले. उसन्या वस्तूबरोबर मूळ धंद्याच्या खोडीही आल्या.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नौदलासाठी जहाजांच्या देखण्या प्रतिकृती होऊ लागल्या. आज त्यांना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ म्हणतात. खालच्या भागाला फळ्या न ठोकता बरगड्या उघड्या ठेवायच्या, ही त्यांची खूण. लाकूड झाकायचं नव्हतंच. त्यामुळे वार्निश फर्निचरवाल्यांचं. राळ आणि जवसाच्या तेलाची जुनी वार्निशं काळाबरोबर पिवळी, मग तपकिरी होत जातात. लाकडी जहाजावर हा पिवळेपणा शोभून दिसतो. तो दोष ठरायला पांढऱ्या रंगाची प्लॅस्टिकची विमानं यावी लागली.

फ्रेंच पॉलिशची लाख आपल्या ओळखीची. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवरून ती खरवडतात, छोटा नागपूर हा तिचा मोठा मुलूख. स्पिरिटमध्ये विरघळते, भराभर वाळते, लाकडी जहाजं करणारे अजूनही ती वापरतात. मात्र दमट हवेत ती पांढरी पडते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर जमतं. पावसाळ्यात मुंबईचे पॉलिशवाले कामाला का नाखूष असतात, ते यावरून कळावं.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं कापड ताणून घट्ट करायला ‘डोप’ लावत. तेच डोप बाल्सा लाकूड आणि पातळ कागदाच्या उडत्या मॉडेलांवर आलं. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार) बाजारात आला आणि छोटी इंजिनं मिथेनॉल व एरंडेलावर चालू लागली. मिथेनॉलने नायट्रोसेल्युलोजच्या डोपचा फडशा पाडला! मग वरून इंधनाला दाद न देणारा आणखी एक लेप आला; काहींनी ब्यूटिरेटचं डोप पत्करलं. इथे पारदर्शक लेप शोभेचा उरलाच नव्हता, त्याच्यावाचून रंग टिकत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीनची किटं आली आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. सेल्युलोज लॅकरचा थिनर हे प्लॅस्टिकच खातो. हल शहरात १९१९ मध्ये हंबर ऑइल कंपनी म्हणून सुरू झालेल्या हंब्रॉलच्या इनॅमल डब्या ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचल्या. पण इनॅमलचं वार्निशही जुनं होताना पिवळं पडतं. शिवाय डेकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा-चित्रांची, भानगड. खरखरीत मॅट रंगावर डेकलची फिल्म नीट टेकत नाही, खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी झाक दिसते. म्हणून आधी चकचकीत लेप, मग डेकल, मग मॅट लेप असा क्रम रुळला. खऱ्या विमानाची चमकही १:७२ मध्ये जशीच्या तशी उतरवली तर खेळण्यासारखी वाटते, हेही मॅटचं कारण.

त्या चकचकीत लेपाची गरज भागवली ती फरशी पॉलिशने. विस्कॉन्सिनमधल्या रसीनची एस. सी. जॉन्सन कंपनी १८८६ मध्ये लाकडी जमिनी विकत सुरू झाली. तिचं ॲक्रिलिक पॉलिश अमेरिकेत ‘फ्यूचर’ आणि ब्रिटनमध्ये ‘क्लिअर’ नावाने मिळे. ते पाण्यासारखं पातळ, आपोआप सपाट होणारं, प्लॅस्टिकला निरुपद्रवी आणि स्वस्त. कॉकपिटचा पारदर्शक भाग त्यात बुडवून काढला की बारीक ओरखडे भरून निघत. फरशीवरचा जुना थर अमोनियाने उतरवता यावा अशी त्याची घडण होती, म्हणून मॉडेलवर बिघडलेलं कामही काच पुसायच्या अमोनियायुक्त द्रवाने धुऊन टाकता येई. मॉडेलांसाठी कुणी मुद्दाम बनवला असता, तर लेप याहून वेगळा झाला नसता.

पुढे ब्रिटनमध्ये ‘क्लिअर’ची घडण बदलली आणि बाटलीत दुधाळ द्रव दिसू लागला. जुन्या बाटल्यांची शोधाशोध सुरू झाली. यथावकाश हंब्रॉलने स्वतःच ‘क्लिअर’ नावाचं ॲक्रिलिक आणलं, थेट मॉडेलवाल्यांसाठी.